बारगिराचं घोडं

परवा तान्हा पोळा झाला. शेजारची चार वर्षांची नात आपला लाकडी बैल घेऊन दारात आली. बैलाला चाकं होती, गळ्यात घुंगरू होते आणि शिंगांना बेगड लावलेली होती. मी तिच्या हातावर बोजारा ठेवला. पैसे मुठीत घट्ट धरून ती मला म्हणाली, "आजी, तुमच्याकडे होता का गं बैल?"

"होता ना," म्हटलं. "पण माझा बैल घोडा होता."

तिला काही कळलं नाही. ती पुढच्या दाराकडे निघून गेली, आणि मी मात्र दिवसभर त्या घोड्यामागेच फिरत राहिले. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. बरीच वर्षं राहिलंय.

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दिवशी खऱ्या बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला. मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात, तो बोजारा. त्याच दिवशी महाल-इतवारीकडे मारबतीची मिरवणूक निघते. तर हा सगळा सण बैलांचा. आणि मी महालातल्या आमच्या वाड्यात भोकाड पसरून बसलेली, की मला बैल नको, घोडा पाहिजे!

"बाप्पा! पोळ्याले घोडं?" आजी म्हणाली. "लोकं काय म्हणतीन?"

शेवटी मी माझ्या बैलाची शिंगं वेणीच्या रिबिनीखाली झाकली, पाठीवर रुमालाचं खोगीर बांधलं आणि तोंडातून सुतळीचा लगाम काढला. त्या वर्षी बोजारा कमी मिळाला, पण मी खूश होते.

हे वेड कुठून आलं, सांगता येत नाही. घरात कोणी कधी घोड्यावर बसलं नव्हतं. बाबांची सायकल हेच आमचं घोडदळ. पण मला चांदोबातले घोडे दिसायचे, इतिहासाच्या पुस्तकात दिसायचे. शाळेत 1 मेला 'जय जय महाराष्ट्र माझा' म्हणताना बाकीच्या मुलींना सह्याद्री आवडायचा, मला त्यातली भीमथडीची तट्टं आवडायची. हे गाणं लिहिणारे राजा बढे आमच्या नागपूरचेच, हे कळलं तेव्हा तर मला वाटलं की त्यांनाही माझ्यासारखंच घोड्याचं वेड असणार. (2023 साली ते राज्यगीत झालं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो तट्टांचाच.)

वहीच्या मागच्या पानावर मी घोड्यांचे रंग लिहून ठेवले होते. अबलख म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, दोन रंगांचा. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं. घोडा हातांनी मोजतात, एक हात म्हणजे चार इंच, आणि साधारण साडेचौदा हातांपेक्षा कमी भरला तर तो तट्टू, हे मी कुठूनतरी मिळवलं होतं. मोजायला घोडा मात्र नव्हता.

नव्हता म्हणजे, एक होती.

आम्ही आठ मुलं टांग्यानं शाळेत जायचो. आज हे वाचून कोणाला गंमत वाटेल, पण सत्तरच्या दशकात नागपुरात ते अगदी रोजचं होतं. स्टेशनवर, बर्डीवर, इतवारीत, महालात टांगे उभे असायचे. पाहुणे टांग्यानं यायचे, बाळंतिणी टांग्यानं घरी यायच्या, आणि शाळेची पोरं महिन्याच्या बोलीवर टांग्यात कोंबली जायची. पुढे दोन, मागे चार आणि दोन मधे कुठेतरी. मागे जास्त पोरं बसली की टांगा उलाळ व्हायचा, म्हणजे मागचा भाग खाली जाऊन दांडे वर उचलले जायचे. मग टांगेवाला ओरडायचा, "एक जन आगे आओ!" आणि मी या वाक्याची वाट बघत असायचे.

टांगेवाल्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांच्या घोडीचं नाव चांदनी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदनी, बाकी सगळी तपकिरी. पुस्तकातल्या घोड्यांसारखी ती अजिबात नव्हती. बुटकी, पोटाळ, पाठीचा कणा जरा खाली गेलेला. मला ती जगातली सगळ्यात देखणी घोडी वाटायची. पुढची जागा मिळावी म्हणून मी मैत्रिणींना डब्यातली बोरं, चिंचा, काय म्हणाल ते द्यायचे. पुढे बसलं की तिचे कान दिसायचे. घोड्याचे कान वेगवेगळे हलतात. चाचा बोलले की एक कान मागे यायचा, मोटारीचा हॉर्न वाजला की दुसरा तिकडे वळायचा. वर्गात मला बाईंचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण चांदनीच्या कानांचा अर्थ मला पाठ होता.

आमचा रस्ता ठरलेला. महालातून गांधी गेट, मग शुक्रवारी तलावाच्या कडेनं कॉटन मार्केट, मग लोहापुलाखालून बर्डी. तलावाजवळ रस्ता मोकळा असला की चाचा कधी कधी लगाम माझ्या हातात द्यायचे. त्यांचा हात माझ्या हाताच्या मागेच असायचा, पण मी तिकडे बघायचे नाही.

रविवारी मी चाचांच्या घरी जायचे. घर म्हणजे एक खोली आणि तिला लागून पत्र्याखाली चांदनीचं ठाण. तिथे मी घोड्यांविषयी जे शिकले ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. खरारा कसा करायचा, म्हणजे दातेरी पत्र्यानं अंगावरची धूळ आणि मेलेले केस कसे काढायचे. घोडीच्या मागून जाताना तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बोलत जायचं, म्हणजे ती दचकत नाही. खूर आपल्या नखासारखा असतो, म्हणून नालबंद खिळे ठोकतो तेव्हा तिला दुखत नाही, पण खिळा वाकडा आत गेला तर घोडी गेलीच. महिना-दीड महिन्यानं नाल बदलायचे, कारण डांबरी रस्त्यावर ते गुळगुळीत होतात. आणि संध्याकाळची चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे. तोबऱ्यात तोंड घालून ती खायची तेव्हा जो कुरूम कुरूम आवाज यायचा, तो मला आजही हरभरे भिजवताना आठवतो.

एकदा मी चाचांना शाळेत शिकलेली गोष्ट सांगितली. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. आमच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा 1740च्या दशकात बंगालपर्यंत गेल्या, तर तिथले लोक त्यांना बर्गी म्हणायला लागले, ते ह्या बारगीर शब्दावरून.

चाचा हसले. "तो मैं कौन हुआ?"

"तुम्ही शिलेदार. घोडी तुमची स्वतःची आहे."

"और तू?"

"मी बारगीर."

त्या दिवसापासून ते मला बारगीर म्हणायला लागले. "चलो बारगीर, आगे बैठो."

1975च्या ऑगस्टमध्ये 'शोले' आला. आम्हाला घरून तो बऱ्याच महिन्यांनी दाखवला, आणि मी बिघडले. बसंती आणि धन्नो! बाई टांगा चालवते, आणि अशी चालवते! माझ्या आधीच्या सगळ्या स्वप्नांत स्वार पुरुषच होते, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं. आता मला चांदनीची चाल हळू वाटायला लागली. दुसरा टांगा पुढे गेला की मी जागेवर उड्या मारायचे. "चाचा, पळवा ना!" चाचा म्हणायचे, "बेटा, इसको शाम तक चलना है."

मला वाटायचं, म्हातारे झालेत.

1976चा जुलै. सकाळपासून पाऊस. टांग्याला मागून ताडपत्री सोडलेली, आत सात मुलं दाटीवाटीनं, आणि पुढे मी. लोहापुलाच्या अलीकडे मागची ताडपत्री सुटली आणि पोरं भिजली म्हणून ओरडायला लागली. चाचांनी लगाम माझ्या हातात दिला. "पकड. बस पकड के रख." आणि ते मागे वळून दोरी बांधायला लागले.

मी फक्त धरून ठेवायला हवं होतं. चांदनी आपली आपण चालत होती, रस्ता तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. पण माझ्या हातात पूर्ण लगाम होता, मागे कोणाचा हात नव्हता, आणि डोक्यात बसंती होती. मी जिभेनं टक् टक् केलं आणि लगाम तिच्या पाठीवर आपटला.

ती धावली. पुलाखाली उतार आहे. ओल्या डांबरावर लोखंडी नाल. मला तिचा मागचा पाय सरकलेला जाणवला आणि मी घाबरून लगाम जीव खाऊन मागे ओढला. ते तर सगळ्यात वाईट. मान वर खेचली गेली, आणि ती दोन्ही पुढच्या गुडघ्यांवर पडली. तो आवाज मी लिहू शकत नाही.

मुलांना फार लागलं नाही. कोणाचं कोपर, कोणाचं कपाळ. चांदनी आपणहून उठली आणि थरथरत उभी राहिली. दोन्ही गुडघे फुटले होते, आणि पावसाच्या पाण्याबरोबर रक्त पायांवरून खाली खुरांपर्यंत येत होतं. चाचांनी आधी एकेक मूल उतरवून मोजलं. मग तिच्या तोंडाशी गेले. मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. माझ्या हातातून लगाम काढून घेतला, इतकंच.

लोक जमले. कोणीतरी विचारलं, काय झालं? चाचा म्हणाले, "बारिश है. फिसल गई."

ताडपत्रीमुळे मागच्या कोणालाच काही दिसलं नव्हतं. माहीत होतं ते फक्त आम्हा दोघांना. आणि चांदनीला.

संध्याकाळी दोघीतिघींचे वडील आमच्या ओसरीवर आले. बाबाही होते. चर्चा झाली. म्हातारा झाला आता तो. त्याच्याच्यानं घोडी आवरत नाही. मुलींचा जीव धोक्यात घालायचा का? मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होते. आईनं पोह्यांची बशी हातात दिली होती. बाबांनी विचारलं, "काय गं, तू तर पुढं बसली होतीस. काय झालं?"

मी म्हटलं, "पाऊस होता."

आणि पोहे खाल्ले.

आठपैकी पाच मुलं त्या आठवड्यात सायकलरिक्षानं जायला लागली. मला बाबांनी सायकलवर सोडायला सुरुवात केली.

चांदनी महिनाभर ठाणावर होती. मी पहिले दोन रविवार गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी गेले. चाचा कडुलिंबाच्या पाण्यानं तिचे गुडघे धूत होते. मी खरारा उचलला आणि तिच्या मानेवरून फिरवायला लागले. तिनं एक कान माझ्याकडे वळवला. माझ्यावर रागावली असेल असं मला वाटलं होतं. घोड्याला राग धरता येतो की नाही, मला आजही ठाऊक नाही. तिनं नेहमीसारखं माझ्या खिशाला हुंगलं.

त्या दिवशी मी बघितलं की तोबऱ्यात हरभरे अर्धेच होते. मी विचारलं, तर चाचा म्हणाले, "टांगा खड़ा है, पर पेट तो खड़ा नहीं रहता ना."

इतकी वर्षं मी घोडे मोजले, त्यांचे रंग पाठ केले, चित्रं काढली. घोडा कमावत नाही त्या दिवशी काय खातो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कुठल्याही गोष्टीतल्या राजाच्या घोड्याला चंदी कोणी विकत आणलेली मी वाचली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी पोळा आला. त्या वर्षी मी बैलाची शिंगं झाकली नाहीत. शहाण्या मुलीसारखी बैल घेऊन महालातल्या जमेल तेवढ्या दारांत गेले, ओळखीच्या आणि बिनओळखीच्याही. साडेअकरा रुपये जमले. ते रुमालात बांधून चाचांकडे नेले आणि त्यांच्यासमोर ठेवले. "चांदनीच्या चंदीसाठी."

सिनेमा असता तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून पैसे परत केले असते. चाचांनी रुमाल सोडला. नाणी मोजली. खिशात ठेवली. रुमालाची नीट घडी करून मला परत दिली आणि म्हणाले, "हिसाब बराबर, बारगीर."

मी रडत म्हटलं, की मी घरी सगळं सांगते. ते म्हणाले, "अब बता के क्या होगा? वो बच्चे वापस नहीं आएंगे. तेरी मार अलग."

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर खूप सुटल्यासारखं वाटलं.

चांदनी परत टांग्याला लागली, पण गुडघ्यांवर केस उगवले नाहीत, दोन टकली वर्तुळं राहिली. पुढे कॉलेजात असताना ॲना स्युएलचं 'ब्लॅक ब्यूटी' वाचलं. 1877 सालचं पुस्तक, घोड्यानंच सांगितलेली आपली कहाणी. त्यात एक दारू प्यायलेला माणूस सैल नालेच्या घोड्याला अंधारात दगडी रस्त्यावर पळवतो, घोडा पडतो, गुडघे फुटतात. आणि मग त्या डागांमुळे त्याची किंमत उतरते, कारण फुटलेले गुडघे बघून गिऱ्हाईक समजतं की हा पडणारा घोडा आहे. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. म्हणजे मी चाचांच्या मुलांचे पैसेच नाही, त्यांच्या घोडीचा भावही पाडला होता, आणि साडेअकरा रुपयांत तो सगळा हिशेब बसवला होता.

त्यानंतर टांगेच कमी होत गेले. ऐंशीच्या दशकात ऑटोरिक्षा वाढल्या, रस्ते भरले, घोड्यांची पाणी प्यायची कुंडं गेली. 1957च्या 'नया दौर'मध्ये टांगा आणि बसची शर्यत लागते आणि दिलीपकुमारचा टांगा जिंकतो. आमच्याकडे शर्यत वगैरे काही झाली नाही. एके दिवशी लक्षात आलं की बरेच दिवसांत टापांचा आवाज ऐकलेला नाही. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयानं तिथल्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, वर्षभरात बंद करायला सांगितलं. त्या बातमीवर घरात वाद झाला. मुलं म्हणाली, बरं झालं, घोड्यांचे हाल थांबले. हाल होतेच. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत डांबरावर उभे राहणारे घोडे मी पाहिलेत. मी काही वाद घातला नाही. फक्त मनात आलं, की ज्या हातांनी गुडघे धुतले जायचे त्या हातांचं पुढे काय झालं, हेही कोणी विचारायला हवं.

चाचांचं काय झालं? मी बारावीत असताना ते गेले. चांदनी त्याआधीच विकली होती, कुठे ते मी विचारलं नाही. बाबांनी ती बातमी ऐकून म्हटलं, "चांगला माणूस होता. शेवटी शेवटी घोडी आवरत नव्हती बिचाऱ्याला." मी समोरच होते. तेव्हाही सांगता आलं असतं. आता बाबाही नाहीत.

आयुष्यात प्रत्यक्ष घोड्यावर बसले ती पन्नाशीत, माथेरानला. तिथे मोटारी चालत नाहीत, म्हणून घोडे अजून कामाला आहेत. मुलांनी हट्टानं बसवलं. घोडेवाला लगाम धरून पुढे चालत होता. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्यानं विचारलं, "ताई, पळवू का थोडं?"

"नको," म्हटलं. "चालू दे त्याला त्याच्या चालीनं."

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "पावसाळ्यात धंदा नसतो ना? मग हा काय खातो?"

तो थांबला आणि मागे वळून बघायला लागला. म्हणाला, "हे कुणी विचारत नाही, ताई." आणि मग उतरेपर्यंत तो कोंड्याचे, हरभऱ्याचे, गवताच्या पेंढीचे भाव सांगत राहिला, आणि मी घोड्याच्या कानांकडे बघत ऐकत राहिले. एक कान पुढे होता. दुसरा मागे, त्याच्या आवाजाकडे.